गारगोटी आणि अदृश्य उजेड : प्रस्तावना

नितळ क्वार्ट्झचा पैलूदार स्फटिक डोळ्यांसमोर धरला तर पलीकडची अक्षरे वाचता येतात. आपल्या डोळ्यांना नऊ मायक्रोमीटरच्या आसपासचा उजेड दिसत असता, तर त्याच स्फटिकातून पलीकडचे काहीही दिसले नसते. घासूनपुसून लख्ख केलेल्या धातूसारखा तो समोरचा बहुतेक उजेड परत फेकताना दिसला असता. दृश्य प्रकाश सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधांना न हलवता निघून जातो, अवरक्त किरण मात्र त्यांना कंप पावायला लावतात. कोणत्या तरंगलांबीला किती उजेड शोषला गेला किंवा परतला, याचा आलेख म्हणजे अवरक्त वर्णपट. त्यावरून खनिज कोणते हे कळते, त्याच्या अणूंची मांडणी कळते, आणि वाचणारा सावध असेल तर त्यात दडलेले पाणीही सापडते. या विषयाची सलग ओळख करून देणारे हे पुस्तक महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नपारखी आणि दगड जमवणारे हौशी लोक या तिघांनाही डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. विषयाशी पहिलीच गाठ पडणाऱ्या वाचकाला आधी सगळे क्षेत्र एका नजरेत दिसावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

मुळाशी असलेली कल्पना अवघड नाही. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला की तो उंच जातो, अवेळी दिलेला धक्का वाया जातो. दोन अणूंमधील बंधाचेही तसेच असते. बंध जितका ताठ आणि अणू जितके हलके, तितके कंपन जलद. म्हणून हायड्रोजन हा सर्वांत हलका अणू ज्यात आहे तो ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तरंगसंख्येच्या (एका सेंटिमीटरात मावणाऱ्या तरंगांच्या) मापात ३६०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसतो, तर सिलिकॉन-ऑक्सिजनचे ताणले जाणे ११०० च्या आसपास आणि वाकणे ४६० च्या आसपास. अट एकच : कंपन होताना विद्युतभाराची विभागणी बदलली पाहिजे. ती बदलली नाही तर अवरक्त किरणांच्या लेखी ते कंपन नसतेच.

क्वार्ट्झच्या एका एककात सिलिकॉनचे तीन आणि ऑक्सिजनचे सहा, असे नऊ अणू असतात. त्यांच्या कंपनांचा हिशेब मांडला की सममितीच्या नियमाने काही कंपने फक्त अवरक्तात दिसतात, काही फक्त रामन विकिरणात (विखुरलेल्या उजेडाच्या बदललेल्या तरंगलांबीत) आणि काही दोन्हींत. यातले ७९८ आणि ७७९ या आकड्यांचे जोडशिखर वाचकाने आत्ताच लक्षात ठेवावे, कारण ते पुढे वारंवार भेटणार आहे. त्याच्या खाली ६९५ च्या जवळ एक लहान शिखर असते. क्वार्ट्झ वितळवून त्याची काच केली की जोडशिखराच्या जागी ८०० च्या आसपास एकच पसरट उंचवटा उरतो आणि ६९५ चे शिखर नाहीसे होते. रासायनिक विश्लेषणाला विचाराल तर दोन्ही पदार्थ सिलिकाच. क्ष-किरण विवर्तन काचेपुढे जवळपास गप्प बसते, कारण त्याला दूरवर पसरलेली शिस्त लागते. अवरक्त वर्णपटाला एका अणूचा शेजार पुरतो. त्यामुळे ओपल, ज्वालामुखीय काच, अर्धवट स्फटिक बनलेली माती या, धड स्फटिक नाही आणि धड द्रवही नाही, अशा पदार्थांत त्याचे महत्त्व फार मोठे आहे. उलट सैंधव मीठ नेहमीच्या मध्य-अवरक्त पट्ट्यात जवळजवळ पारदर्शक असते आणि सोन्याच्या कणापुढे ही पद्धत हात टेकते. प्रत्येक खनिजाला हे एकच औषध चालेल असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

इतिहासाची सुरुवात सगळेच विल्यम हर्शेलपासून करतात. १८०० साली सूर्याच्या वर्णपटात लाल रंगाच्या पलीकडे ठेवलेल्या तापमापीचा पारा चढला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. खनिजांच्या दृष्टीने मात्र खरी कलाटणी १८३० च्या दशकात मॅचेदोनियो मेलोनी या इटालियन शास्त्रज्ञाने दिली. काच उष्णतेचे किरण अडवते, सैंधव मिठाचा स्फटिक ते जाऊ देतो, हे त्याने दाखवले. त्यामुळे पुढे शतकभराहून अधिक काळ प्रयोगशाळांतील लोलक आणि खिडक्या मिठाच्या राहिल्या. अवरक्त अभ्यासाचे पहिले साधनच एक खनिज होते.

१८९० च्या दशकात अर्नेस्ट फॉक्स निकोल्स हा अमेरिकन तरुण बर्लिनमध्ये हाइनरिख रुबेन्सकडे काम करत होता. साडेआठ ते नऊ मायक्रोमीटरच्या दरम्यान क्वार्ट्झ धातूसारखे परावर्तन करतो, हे त्याने मोजून दाखवले. उजेड अशा स्फटिकांवरून पुन्हा पुन्हा परावर्तित केला तर बाकीच्या सगळ्या लांबी गळून जातात आणि फक्त त्या स्फटिकाच्या पसंतीची लांबी उरते. या उरलेल्या किरणांना जर्मनमध्ये ‘रेस्टश्ट्रालेन’ म्हणतात आणि तेच नाव आजही चालते. क्वार्ट्झ, फ्लुओराइट आणि सैंधव मीठ वापरून रुबेन्सने अधिकाधिक लांब तरंग वेगळे काढले. सहकारी कुर्लबाउमबरोबर त्याने मिठाच्या स्फटिकांनी निवडलेल्या ५१ मायक्रोमीटरच्या किरणांवर तप्त वस्तूंच्या प्रारणाची मोजणी केली. तेव्हा मान्य असलेले सूत्र तिथे उघडपणे चुकत होते. ७ ऑक्टोबर १९०० च्या रविवारी रुबेन्सने ही बातमी मॅक्स प्लँकच्या घरी सांगितली आणि त्याच महिन्यात प्लँकने आपले नवे सूत्र मांडले. पुंजभौतिकीच्या इतिहासात मीठ आणि फ्लुओराइट यांच्या खड्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही, असे माझे जुने गाऱ्हाणे आहे. लेखकाने त्यासाठी या पुस्तकात चार पाने राखली, याचा मला आनंद आहे.

खनिजशास्त्राच्या बाजूने या विषयाचा पाया घातला तो विल्यम कोब्लेंट्झने. १९०५ पासून वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने त्याचे अवरक्त वर्णपटांचे खंड प्रसिद्ध केले. बिंदूगणिक हाताने मोजलेले ते आलेख आजच्या आलेखांशेजारी ठेवले तरी ओळखू येतात. त्याने विचारलेला एक प्रश्न आजही शिळा झालेला नाही. जिप्समसारख्या खनिजात पाणी असते ते पाणी म्हणूनच असते, की तापवल्यावर जे बाहेर पडते ते मुळात हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीच्या) रूपात रचनेत गुंफलेले असते? काही खनिजांत पाण्याचे स्वतःचे पट्टे स्पष्ट दिसतात, काहींत दिसत नाहीत, एवढ्या निरीक्षणावर त्याने दोन गट पाडले. आज आपण तेच १६३० च्या पट्ट्यावरून करतो. पाण्याचा अखंड रेणू वाकतो तेव्हा हा पट्टा उमटतो. नुसत्या हायड्रॉक्सिलला तो नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर तयार उपकरणे बाजारात आली आणि हा विषय मोजक्या प्रयोगशाळांतून बाहेर पडला. १९५२ मध्ये पोटॅशियम ब्रोमाइडच्या टिकलीची पद्धत निघाली. सुमारे एक मिलिग्रॅम खनिज दोनशे मिलिग्रॅम क्षारात खलून दाबायचे आणि त्यातून किरण सोडायचे. इतकी साधी पद्धत जगभर पसरली यात नवल नाही, पण तिच्या खोडीही तिच्याबरोबर पसरल्या. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतले पाणी ओढून घेते. जुलैच्या महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत भट्टीत न सुकवलेल्या क्षाराची टिकली केली, तर ३४०० च्या आसपासचा रुंद पट्टा कोणत्याही खनिजात दिसतो. ‘नमुन्यात पाणी आढळले’ असे लिहिलेल्या किती प्रबंधांत खरोखर पावसाळा आढळला असेल, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. कणांच्या आकाराचेही तसेच आहे. जाडसर खललेल्या क्वार्ट्झची शिखरे बुटकी होतात, आणि शिखराच्या उंचीवरून प्रमाण काढणाऱ्याचा हिशेब तिथेच कोलमडतो.

१९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी मिसळलेल्या तरंगांतून एकेक तरंग वेगळा काढणाऱ्या फूरिये रूपांतराची झटपट गणनपद्धत मांडली. १९६९ मध्ये त्या तत्त्वावरचे पहिले व्यापारी उपकरण बाजारात आले. त्यानंतर लोलक गेला, आरशाच्या सरकण्यातून सगळा वर्णपट एकदम मिळू लागला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या जाडीच्या कणाचाही वर्णपट घेता येऊ लागला.

आता वेगवेगळ्या परंपरांविषयी. या क्षेत्रात काम करणारे लोक एकाच उपकरणापुढे बसतात, पण एकच गोष्ट पाहत नाहीत. सर्वांत मोठी परंपरा ओळख पटवणाऱ्यांची. १९५० मध्ये हंट, विशर्ड आणि बोनहॅम यांनी खनिजांच्या वर्णपटांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे अॅबरडीनच्या मॅकॉले संस्थेतील व्हिक्टर फार्मर यांनी संपादित केलेला १९७४ चा ग्रंथ अनेक वर्षे या लोकांच्या टेबलावर राहिला. मृदाशास्त्रज्ञांचा जीव याच परंपरेत अडकलेला आहे, कारण केओलिनाइटसारखी चिकणमाती ३६२० ते ३६९५ दरम्यानच्या आपल्या चार हायड्रॉक्सिल शिखरांनी लगेच नाव सांगते.

दुसरी परंपरा भौतिकशास्त्रज्ञांची. त्यांना नावात रस नसतो. स्फटिक कोणत्या अक्षाला कसा कंप पावतो, हे त्यांना हवे असते. आपल्याकडे बंगळुरूमध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि नेडुंगडी यांनी १९४० मध्ये क्वार्ट्झ तापवत तापवत त्याचे रामन विकिरण पाहिले. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची रचना बदलते. त्या तापमानाकडे जाताना एक रेषा पसरट होत खाली घसरते, असे त्यांना आढळले. स्थित्यंतराआधी ‘मऊ’ होणाऱ्या कंपनाची ती फार लवकरची नोंद होती. गंमत अशी की हेच कंपन सममितीमुळे अवरक्तात दिसतच नाही. अवरक्त आणि रामन या पद्धतींना प्रतिस्पर्धी समजणाऱ्यांनी हे एक उदाहरण पाठ करून ठेवावे.

तिसऱ्या परंपरेकडे माझा स्वतःचा ओढा आहे, हे मान्य करूनच पुढे लिहितो. ही मंडळी क्वार्ट्झच्या मोठ्या शिखरांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. एखादा मिलिमीटर जाडीची चकती घासून तयार करायची, ३००० ते ३७०० या भागात पाहायचे आणि दहा लाख भागांत काही भाग इतका कमी हायड्रोजन शोधायचा, हे यांचे काम. क्वार्ट्झच्या सूत्रात हायड्रोजन नाही. पण सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम शिरला की विद्युतभाराचा तोल जातो, आणि तो सावरायला लिथियम, सोडियम किंवा हायड्रोजन जवळ येऊन बसतो. हायड्रोजन बसला की ३३७८ ला बारीक रेषा उमटते, लिथियम जवळ असेल तर ३४८० च्या आसपास, बोरॉन असेल तर ३५९५ ला. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या काट्स यांनी १९६२ मध्ये हायड्रोजनऐवजी त्याचे जड रूप ड्यूटेरियम घुसवून या रेषांची छाननी केली. दगडात हायड्रोजनची जागा इतक्या बारकाईने शोधता येते, हे त्या कामाने स्पष्ट झाले.

या काही दशलक्षांशांचे परिणाम थोडेथोडके नाहीत. १९६५ मध्ये ग्रिग्ज आणि ब्लासिक यांनी दाखवले, की पाणी मुरलेला कृत्रिम क्वार्ट्झ तापवून दाबला की कोरड्या स्फटिकाच्या मानाने फारच लवकर नमतो. पर्वतांच्या मुळाशी कठीण खडक कसे वाहतात, या प्रश्नाला त्यामुळे नवे वळण मिळाले. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील डॉड आणि फ्रेझर यांनी कृत्रिम क्वार्ट्झमधील याच भागातले शोषण आणि त्या स्फटिकाच्या कंपनाची गुणवत्ता यांचा संबंध जोडून दाखवला. घड्याळे आणि रेडिओ यांच्यासाठी वाढवलेला क्वार्ट्झ आजही ३५८५ सारख्या ठरलेल्या आकड्यांवर तपासला जातो. पुढे कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत जॉर्ज रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांना आपण निर्जल समजत होतो त्या कितीतरी खनिजांत हायड्रोजन शोधला. २०१४ मध्ये ब्राझीलमधील जुईना भागातल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट या खनिजाचा कण सापडला. त्यात वजनाने सुमारे दीड टक्का पाणी असल्याचे अवरक्त वर्णपटानेच सांगितले. भूपृष्ठाखाली चारशे दहा ते सहाशे साठ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या खडकात पाणी आहे, याचा तो हाती आलेला पुरावा ठरला.

याच परंपरेतला एक वाद वाचकाने समजून घ्यावा. पट्टा दिसतो यावर दुमत नसते, किती पाणी यावर असते. तोच आलेख घेऊन पॅटरसन यांचे १९८२ चे गणित वापरले तर एक आकडा येतो, आणि लिबोविट्स्की व रॉसमन यांचे १९९७ चे समीकरण वापरले तर दुसरा. कोणते गणित वापरले हे न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी आहे. लेखकाने पुस्तकभर हा नियम पाळला आहे.

चौथी परंपरा दुरून पाहणाऱ्यांची. खडक स्वतः उष्णतेचे किरण सोडतो, आणि ज्या लांबीला त्याचे बंध कंप पावतात तिथे ते सोडणे कमी पडते. ग्रॅहॅम हंट आणि जॉन सॉल्सबरी यांनी १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत जमवलेले खनिजांचे वर्णपट पुढे उपग्रहांच्या कामी आले. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ने मेरिडियानी भागात हेमॅटाइट दाखवले, आणि २००४ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी’ तिथेच उतरली. आपल्या ‘चांद्रयान-१’वरील अमेरिकी उपकरणाने तीन मायक्रोमीटरजवळच्या शोषणावरून चंद्राच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि पाणी असल्याचे दाखवले, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये ‘जेम्स वेब’ दुर्बिणीने डब्ल्यूएएसपी-१७बी या सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहाच्या ढगांत क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म कण ओळखले, ८.६ मायक्रोमीटरच्या खुणेवरून. निकोल्सने बर्लिनमध्ये मोजलेल्या परावर्तनाच्या अगदी शेजारचीच ही खूण.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. दख्खनच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ सहसा नसतो, पण त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडनी, ॲमेथिस्ट आणि झिओलाइटांचे भांडार आहे. नाशिक-जळगावचे स्टिल्बाइट आणि अॅपोफिलाइट, वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले आहेत. झिओलाइटातले पाणी तापवले की जाते आणि थंड झाल्यावर परत येते. अकीकातले काही पाणी हे पाणी म्हणूनच असते आणि काही हायड्रॉक्सिलच्या रूपात. कोब्लेंट्झचा प्रश्न शिकवायला याहून चांगले नमुने कुठे मिळणार? लोणारच्या उल्काघाताने दाबल्या गेलेल्या फेल्डस्पारची काच झाली आहे. त्याचे औष्णिक वर्णपट मंगळाच्या अभ्यासकांनी मुद्दाम घेतले, कारण बेसाल्टमधली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत.

आणि धुळीचा प्रश्न आहे. खंभातचे अकीक घासणारे कारागीर, दगडखाणींतले आणि वाळूच्या कारखान्यांतले कामगार श्वासाबरोबर जी धूळ घेतात, तिच्यातला स्फटिकमय सिलिका फुप्फुसे कायमची निकामी करतो. सिलिकोसिस नावाचा हा आजार बरा होत नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये कामाच्या जागी अशा धुळीची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमवर आणली. गाळणीवर जमलेल्या एवढ्याशा धुळीत क्वार्ट्झ किती, हे मोजण्याच्या मान्य पद्धतींपैकी एक म्हणजे तेच ७९८-७७९ चे जोडशिखर. पण धुळीत केओलिनाइट असेल तर त्याचेही एक शिखर तिथेच डोकावते, आणि आंधळेपणाने मोजणाऱ्याचा आकडा फुगतो. सिलिका काचेसारखा असेल तर तो धोका वेगळा, आणि जोडशिखर नसण्यावरूनच ते कळते. वर्णपट समजून घेणे ही इथे हौस राहत नाही.

रत्नांच्या बाजारातही हीच कथा आहे. आज नायट्रोजन असलेले आणि नसलेले म्हणून ओळखले जाणारे हिऱ्यांचे दोन प्रकार १९३४ मध्ये रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन यांनी आठ मायक्रोमीटरजवळच्या शोषणावरून पाडले. प्रयोगशाळेत वाढवलेले बहुतेक रत्नदर्जाचे हिरे नायट्रोजनविरहित गटात येतात, म्हणून मुंबई-सुरतच्या तपासणीत पहिली चाळणी या वर्गीकरणाची असते. ॲमेथिस्टच्या बाबतीत ३५९५ च्या अरुंद रेषेला नैसर्गिकपणाची खूण मानण्याची घाई पुष्कळ जण करतात. लेखकाने त्यांना थांबवले आहे, ते योग्यच. एका रेषेवर निकाल देता येत नाही. रुंदी, शेजारच्या रेषा आणि स्फटिकातली जुळी वाढ हे सगळे पाहावे लागते.

पुस्तकाची भूमिका इथेच स्पष्ट होते. आजचे उपकरण आलेख काढून थांबत नाही, संगणकातल्या संग्रहाशी तो ताडून एका क्षणात नाव आणि जुळणीचा गुणांक पडद्यावर टाकते. विद्यार्थी तो गुणांक वहीत उतरवतो आणि काम संपले समजतो. लेखकाचा आग्रह आहे की जुळणी शेवटी पाहावी. आधी आलेख वाचावा : हायड्रॉक्सिल आहे का, पाणी आहे का, कार्बोनेट मिसळले आहे का, शिखरे पसरट का झाली, नमुना कोणत्या दिशेने कापला होता. क्वार्ट्झ हे एकच खनिज मध्यभागी ठेवून बाकीची त्याच्याभोवती आणण्याची निवड मला पटली. ज्याची रचना आपल्याला सर्वांत नीट ठाऊक आहे, त्याच्यातही इतके काही उलगडायचे बाकी असते, हे त्यातून सहज कळते. संगणकीय गणनांचा भाग मुद्दाम वगळला आहे; सुरुवातीच्या पुस्तकात तो नसला तरी चालेल. कोकण-गोव्याच्या जांभ्यावर मात्र याहून जास्त हवे होते. लोह आणि अॅल्युमिनियमची हायड्रॉक्साइडे, केओलिनाइट आणि उरलासुरला क्वार्ट्झ यांचे ते मिश्रण या पद्धतीसाठी फार चांगले उदाहरण आहे, आणि पुढच्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळावी, अशी माझी विनंती आहे.

बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आठवत असेल तर हे पुस्तक कोणालाही वाचता येईल. सममितीचे गणित पहिल्या वाचनात ओलांडले तरी बिघडणार नाही. ज्यांच्याजवळ उपकरण नाही त्यांनी निराश होऊ नये. कॅलटेकच्या रॉसमन यांच्या संकेतस्थळावर आणि ॲरिझोना विद्यापीठाच्या ‘रफ’ प्रकल्पात असंख्य खनिजांचे वर्णपट विनामूल्य ठेवलेले आहेत. त्यातले क्वार्ट्झ, ओपल आणि केओलिनाइट असे तीन आलेख छापून घ्यावेत, पेन्सिल घेऊन बसावे, आणि प्रत्येक शिखरापुढे कोणत्या बंधाचे कोणते कंपन ते स्वतः लिहावे. मगच या पुस्तकातली उत्तरे पाहावीत.